‘सगळं धरून किती?’ – सोलापुरात घराचं छत बदलण्याआधी करायचा हिशोब

साखर पेठेतल्या आमच्या घराचा पत्रा बदलायचं ठरलं, तेव्हा मी पहिल्याच फॅब्रिकेशनवाल्यांना विचारलं, "दादा, फुटाला किती पडेल?" त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं, खोल्या पावलांनी मोजल्या आणि म्हणाले, "१७० धरा की ताई, सगळं धरून." घर ५०० चौरस फुटांचं, म्हणजे ८५,००० रुपये. तेवढे आम्ही बाजूला काढून ठेवले आणि काम संपेपर्यंत सव्वा लाखाला टेकलो. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. ‘सगळं’ या शब्दात त्यांनी जे धरलं होतं आणि मी जे धरलं होतं, त्यात अंतर होतं. ते विचारून घ्यायचं मला तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर नात्यातल्या आणि गल्लीतल्या पाच-सहा घरांच्या हिशोबाला मी वही घेऊन बसले आहे. जे आधी कळायला हवं होतं ते इथे क्रमानं लिहिते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. लोखंडाचा भाव आठवड्याला हलतो, त्यामुळे खाली जे दर धरले आहेत ते हिशोबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. त्या जागी तुमच्या दुकानदारानं त्या दिवशी दिलेला दर घाला. मापं आणि वजनं मात्र बदलत नाहीत, आणि खरा आधार त्यांचाच आहे.

पहिलं काम: बदलायचं की दुरुस्त करायचं?

आपल्याकडे एकाच गल्लीत चार तऱ्हेची छतं दिसतात. जुन्या पेठांतल्या घरांवर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर किलच्या (बारीक लाकडी पट्ट्या) आणि वर पांढऱ्या मातीचा थर. कामगार वस्त्यांत आणि यंत्रमागाच्या शेडवर सिमेंटचा नाहीतर लोखंडी पत्रा. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडे बहुतेक स्लॅब. क्वचित एखाद्या घरावर कौलंही असतात.

पत्रा गळतोय म्हणजे तो गेलाच असं नाही. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्या आणि अंधारात उभं राहून वर बघा. उजेडाचे ठिपके पत्र्याखालच्या लोखंडी पाईपच्या रेषेत, ओळीनं दिसत असतील तर स्क्रूखालचं रबर उन्हानं कडक होऊन तडकलंय. तिथे नवे स्क्रू आणि वॉशर टाकून आणखी काही वर्षं निघतात. ठिपके पत्र्यावर कुठेही विखुरलेले असतील, किंवा दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे गंजाची तांबडी पट्टी पसरली असेल, तर पत्रा संपला. आमच्या माजघरात मी खडूनं जमिनीवर कवडशांभोवती गोल काढले होते. चाळीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

स्लॅब असेल तर खालून हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. खणखणीत आवाज चांगला. ढबढब आवाज आला किंवा गिलाव्याचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसली, तर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी पाहून पुष्कळ जण मागे हटतात. माझ्या मते सबंध कामात सगळ्यात स्वस्त पडणारी गोष्ट तीच आहे.

दुसरं: जुनं छत उतरवायला काय लागतं

हा खर्च दरपत्रकात बहुधा नसतोच, आणि माळवदाच्या घरात तो सगळ्यात मोठा असू शकतो. एक घनफूट माती साधारण ४५ किलो भरते. माळवदावर फूटभर थर असेल तर डोक्यावर दर चौरस फुटाला ४५ किलो आहेत. ३०० चौरस फुटांच्या दोन खोल्यांवर साडेतेरा टन. मोजायला गेलं तर ती ३ ब्रास माती (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), पण खणली की फुगते आणि उचलताना ४ ब्रासच्या घरात जाते. ट्रॅक्टर गल्लीत शिरत नसेल तर बिगारी घमेल्यानं ती चौकापर्यंत वाहणार. त्या मजुरीचा वेगळा आकडा आधी ठरवून घ्या. माती टाकायची कुठे, हेही आधी ठरवा.

माती उतरवताना एका कोपऱ्यातून सुरू करून सगळी एकाच बाजूला ढीग घालून ठेवली, तर तुळई त्या भारानं मोडू शकते. थर सगळीकडून सारखा कमी करत जायचा आणि लगेच खाली न्यायचा. हे मिस्त्रींना माहीत असतं, पण घाई असली की विसरतं. समोर घरचं माणूस उभं असावं.

आता सागवानाबद्दल. "जुनं लाकूड आम्ही काढून नेतो, त्याचे पैसे लावत नाही," असं कुणी म्हणालं तर थांबा. जुन्या घरातलं सागवान आज घनफुटावर विकलं जातं आणि त्याला चांगली मागणी आहे. ६ इंच रुंद, ८ इंच उंच आणि १२ फूट लांब तुळई म्हणजे ४ घनफूट. अशा आठ तुळया असतील तर ३२ घनफूट लाकूड दारात पडलंय. एकेकीची लांबी-रुंदी वहीत लिहा, वखारीत दोन ठिकाणी दाखवा आणि मगच कुणाला द्यायचं ते ठरवा. आमच्या शेजारच्या काकांचा माती वाहण्याचा खर्च त्यातूनच निघाला. लोखंडी पत्रा असेल तर तो भंगारात वजनावर जातो. ते पैसे तुमचे की काम करणाऱ्याचे, हेही आधी बोलून घ्या.

सिमेंटच्या पत्र्याबाबत कळकळीनं सांगते. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा जागेवर शाबूत आहे तोवर धोका कमी असतो. तो फोडला, कापला, वरून खाली टाकला की बारीक धूळ उडते, श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. आजार पुष्कळ वर्षांनी दिसतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पत्रा आधी पाण्यानं भिजवा, हुक सोडवून अखंड उतरवा, दोघांनी धरून खाली द्या. साधा मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. पोरांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा. उरलेले तुकडे अंगणात फरशीसारखे अंथरू नका, कोंबड्यांच्या खुराड्यालाही वापरू नका. आणि त्या पत्र्यावर उभं राहू नका, कारण तो अचानक मोडतो. खालच्या पाईपच्या रेषेवर फळी टाकून त्यावरूनच चालायचं.

तिसरं: घराचं माप वेगळं, पत्र्याचं माप वेगळं

आमचं घर २० बाय २५ फूट. म्हणून मी ५०० फूट पत्रा धरला होता. चूक इथूनच सुरू झाली.

पत्रा उताराच्या बाजूला पुढे-मागे थोडा बाहेर काढावा लागतो, नाहीतर पाणी भिंतीवरून उतरतं. उतार दहा फुटाला निदान एक फूट ठेवावा. २० फुटांच्या बाजूला उतार आणि दोन्हीकडची वळचण धरून पत्रा साडेबावीस फूट लांब लागला. रुंदीला २५ फुटांच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट बाहेर काढायचा म्हटलं तर २७ फूट झाले. रंगीत पत्रा साडेतीन फूट रुंद मिळतो, पण शेजारच्या पत्र्यावर चढल्यावर प्रत्यक्षात झाकतो सुमारे ३.३ फूट. आता २७ फुटाला ३.३ नं भागा. आठ पत्र्यांत थोडंसं कमी पडतं, म्हणून नऊ लागतात. नऊ पत्रे × ३.५ फूट × २२.५ फूट = सुमारे ७०९ चौरस फुटांचं बिल. घर ५०० चं आणि पत्रा ७०९ चा!

इथे एक युक्ती आहे. रुंदीला एक फुटाऐवजी पाऊण फूट बाहेर काढलं की साडेसव्वीस फूट होतात आणि आठ पत्र्यांत भागतं, कारण शेवटचा पत्रा पूर्ण साडेतीन फूट झाकतो. बिल ६३० फुटांवर येतं. फक्त तीन-तीन इंचांनी जवळजवळ ८० फूट पत्रा वाचतो. म्हणून कारागिरानं माप घेतल्यावर "पत्रे किती येतात आणि शेवटचा किती वाया जातो?" हे विचारायचंच. घर सामाईक भिंतीचं असेल तर त्या बाजूला पत्रा बाहेर निघतच नाही. तिथे भिंतीला चिकटून फ्लॅशिंगची पट्टी लागते, तिचा दर रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर असतो. शेजाऱ्याच्या अंगणात आपलं पाणी पडत असेल तर पन्हाळही धरा. भांडणापेक्षा ती स्वस्त पडते.

आणि साडेबावीस फुटी पत्रा तुमच्या बोळात वळतो का, ते दोरी घेऊन बघा. वळत नसेल तर दोन तुकडे करावे लागतात. मग ते मधे सहा इंच एकमेकांवर चढवावे लागतात आणि एक जोड वाढतो, उतारही थोडा जास्त द्यावा लागतो.

पत्र्याची जाडी हा दुसरा फसवा भाग. दोन दुकानांत फुटाला दहा रुपयांचा फरक दिसला तर तो बहुधा जाडीचा असतो. ०.५० मिलिमीटरचा वरचा साडेबावीस फुटी पत्रा ३० किलोच्या थोडा वर भरतो, ०.४० चा २५ च्या आत-बाहेर. नावाजलेल्या पत्र्याच्या मागच्या बाजूला जाडी छापलेली असते. तरी एक पत्रा काट्यावर टाकून बघायला संकोच करू नका.

चौथं: पाईप, आणि काट्यावरची सकाळ

पत्र्याचं सगळे विचारतात, रंग निवडायला घर गोळा होतं. पैसा आणि जीव मात्र खालच्या पाईपवर टांगलेला असतो.

पाईप दुकानात किलोवर विकला जातो आणि तुम्हाला दर फुटावर सांगितला जातो. या दोहोंच्या मधे जाडी हरवते. कारागीर तिला गेज म्हणतात. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे १.६, १८ गेज म्हणजे १.२. आकडा वाढतो तसा पाईप पातळ होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. बाहेरून तिन्ही पाईप सारखेच दिसतात, रंग लावल्यावर तर मुळीच ओळखू येत नाहीत.

आत्याच्या घरी काम काढलं तेव्हा ठरलं होतं दोन बाय दोन इंचांचा, २ मिलिमीटरचा पाईप. टेम्पो सकाळी आठला आला. मी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला विनंती करून एक २० फुटी नग त्याच्या काट्यावर ठेवला. २ मिलिमीटरचा असता तर १८ किलोच्या थोडा वर भरायला हवा होता. काटा १५ च्या अलीकडेच थांबला. म्हणजे १६ गेजचा माल. आत्या फक्त एवढंच म्हणाली, "दादा, कागदावर काय लिहिलंय वाचा की." टेम्पो परत गेला आणि संध्याकाळी ठरलेला माल आला. ना आवाज चढला, ना कुणाचा अपमान झाला. कागदावर आकडा होता म्हणून हे जमलं.

वजन घरी काढायची रीत सोपी आहे. पाईपच्या चारही बाजू मिलिमीटरमध्ये मिळवा, जाडीनं गुणा आणि ०.००७८५ नं गुणा. आलं ते एका मीटरचं किलोतलं वजन, कोपऱ्यांमुळे प्रत्यक्षात किंचित कमी. ५० बाय ५० चा, म्हणजे दोन इंची, २ मिलिमीटर पाईप असा मीटरला ३ किलो येतो.

आमच्या घराचा हिशोब असा बसला. उताराला आडवे पाईप चार फुटांच्या आत एक, असे सात, प्रत्येकी साडेसव्वीस फूट. सगळे मिळून सुमारे १८५ फूट, वजन १७० किलो. त्याखाली उताराच्या दिशेनं चार बाय दोनचे ३ मिलिमीटरचे चार पाईप, मधल्या भिंतीवर टेकवलेले, ९० फूट, वजन सुमारे १८६ किलो. प्लेटा आणि कापण्यातली नासधूस धरून ३८५ किलो. ही मापं आमच्या घराची आहेत. तुमच्याकडे मधली भिंत नसेल तर पाईप मोठा लागेल, आणि तो किती हे इंजिनिअरनंच सांगावं. पुढेमागे वर सोलर बसवायचा विचार असेल तर तेही आत्ताच सांगा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. नंतर खालून पाईप जोडत बसण्यापेक्षा आधीच थोडं वजन वाढवलेलं परवडतं.

पाईपला रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) हात जमिनीवर असतानाच द्यायचा, आणि वेल्डिंग झालं की त्या जोडांवर पुन्हा. बहुतेक घरांत गंज पहिल्यांदा जोडावरच धरतो.

पाचवं: भिंतीचा माथा

आपल्याकडे पत्र्यावर दगड, जुने टायर, कधी मागाचे मोडके लोखंडी भाग ठेवलेले दिसतात. ती सवय उगाच पडलेली नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटतं तेव्हा ते पत्र्याला वरून दाबत नाही, वर उचलतं. सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. जड छत काढून हलकं बसवलं की भिंतीवरचा भार कमी होतो, पण उडण्याची भीती वाढते. पत्रा पाईपला स्क्रूनं पक्का आणि पाईप मात्र मातीत रचलेल्या विटांवर नुसता टेकवलेला असेल, तर अख्खा सांगाडा एकत्र उचलला जातो.

म्हणून जुन्या भिंतीचा वरचा पोकळ थर काढून तिथे सहा इंच उंचीचा काँक्रीटचा पट्टा ओतायचा, त्यात १० मिलिमीटरच्या चार सळया आणि रिंगा, आणि पाईपच्या प्लेटा त्या पट्ट्यात बोल्टानं धरायच्या. "सगळं धरून"मध्ये हा पट्टा जवळजवळ कधीच नसतो. फॅब्रिकेशनवाले म्हणतात ते गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो मला कुणी सांगितलंच नाही. आमच्या घरात हाच खर्च आयत्या वेळी उभा राहिला.

पट्ट्याला पाणी मारावं लागतं. कोरड्या, कडक उन्हात निदान दहा दिवस, आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर चौदा. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा बॅरल भरून ठेवण्याची सोय किंवा टँकरचे पैसे हिशोबात हवेत. गोणपाट गुंडाळून भिजवलं तर पाणी कमी लागतं.

आता सगळं एका पानावर

आमच्या घरावर धरलेल्या दरांनी मांडलेला हिशोब, जीएसटीसह:

पाईप ३८५ किलो, ७० रुपये दरानं – २६,९५०
पत्रा ६३० चौरस फूट, ५५ रुपये दरानं – ३४,६५०
वेल्डिंग आणि पत्रा बसवण्याची मजुरी – २४,०००
स्क्रू, फ्लॅशिंग, पन्हाळ, प्रायमर, रंग – ९,०००
जुना पत्रा उतरवणं, वाहतूक – ८,०००
भिंतीचा पट्टा – १५,०००
वायरिंग काढून पुन्हा बसवणं – ६,०००
एकूण – १,२३,६०० रुपये

५०० चौरस फुटांवर भागलं तर फुटाला २४७ रुपये. यात पत्र्याचा वाटा रुपयात चार आण्यांच्या थोडा वर. मी मात्र दुकानं फिरले ती पत्र्यासाठीच. वर दहा टक्के, म्हणजे १२,००० हातात ठेवा, कारण जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल ते कुणालाच आधी दिसत नाही.

याच सात ओळींचा कोरा कागद तीन जणांना द्या आणि प्रत्येकाला त्यावरच आकडे भरायला सांगा. एखादी ओळ त्यांच्याकडे नसेल तर तिथे ‘माझ्याकडे नाही’ असं लिहून घ्या. मग १७० वाला आणि २३० वाला यांची तुलना होऊ शकते. माझ्या अनुभवात महाग वाटणारा पुष्कळदा फक्त पूर्ण आकडा सांगत असतो.

एक ओळ मात्र कुणीच भरून देणार नाही, ती घरच्यांनी भरायची. काम चालू असताना रोजगार किती दिवस बुडेल? पूर्व भागात किती तरी घरांत खाली माग आणि वर पत्रा आहे. बाया घरीच विड्या वळतात, शिलाई करतात. पट्ट्याचे दिवस धरून दोन-तीन आठवडे सहज जातात. पट्टा टप्प्याटप्प्यानं, एकेका खोलीचा केला तर माग निदान अर्धे दिवस चालू ठेवता येतो. त्याला मजुरी थोडी वाढते, पण हिशोब करून बघा. मागावर आणि ताण्यावर जाड ताडपत्री हवी. वेल्डिंगची एक ठिणगी सुतावर पडली तर सगळंच गेलं, म्हणून वेल्डिंगच्या वेळी सूत घरात ठेवूच नका आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवा.

उन्हासाठी आत्ताच खर्च करा

मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा पत्र्याखालची दुपार काय असते ते इथे वेगळं सांगायला नको. छत उघडं आहे तोवरच उपाय स्वस्तात होतात. रंग पांढरा किंवा फिका घ्या, त्याला एक रुपया जास्त पडत नाही. गडद निळा-लाल पत्रा छान दिसतो, पण तापतो. पत्र्याखाली चंदेरी बबल शीट अंथरायची असेल तर ती पत्रा चढवण्याआधी पाईपवर टाकायची. नंतर खालून लावायला मजुरी कितीतरी जास्त लागते. उंच बाजूच्या भिंतीत, पत्र्याच्या लगेच खाली, गरम हवा बाहेर जायला जाळीचे झरोके ठेवा. पफचा सँडविच पत्रा (दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेला) सगळ्यात थंड, पण साध्या पत्र्याच्या कितीतरी पट महाग. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एका खोलीवर तरी तो टाकावा असं मला वाटतं.

पत्र्याऐवजी स्लॅबच टाकला तर?

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस फुटाला सुमारे २९ किलो, ५०० फुटांचं साडेचौदा टन. जुनं माळवद याहून जड होतं, मग भिंत स्लॅब का पेलणार नाही, असं मलाही वाटलं होतं. पण माळवदाचा भार लाकडी खांब आणि दोन-दोन फूट जाड भिंती वाहत होत्या, आणि त्याच भिंती आता पाण्यानं मऊ झाल्यात. नऊ इंची किंवा मातीत बांधलेल्या भिंतीवर स्लॅब टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे कॉलम आणि पाया लागतो, आणि काळी माती असेल तर ती ओलावली की फुगते, म्हणून मुरमापर्यंत खणावं लागतं. थोडक्यात, ते छत बदलणं राहत नाही, घर बांधणं होतं.

स्लॅबपुरतंच बोलायचं तर ५०० फुटांना सुमारे ५.९ घनमीटर काँक्रीट, एम२० प्रतीच्या काँक्रीट मिश्रणाला ४८ च्या आसपास सिमेंटच्या गोण्या, बीम वेगळे. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, जुन्या कोटेशनमध्ये तो बदललाय का बघा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस काढू देऊ नका, सेंटरिंगवाला कितीही घाई करो. कच्चं घर आणि स्वतःची जागा असेल, देशात कुठे पक्कं घर नसेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल, तर पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी टप्पा २ मध्ये नव्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळू शकतो. नुसता पत्रा बदलायला ती योजना नाही.

परवानगी, वेळ, पैसे

आहे त्याच उंचीवर पत्रा बदलणं ही दुरुस्ती. भिंत उंचावली, मजला चढवला, पत्र्याचा स्लॅब केला की ते बांधकाम, त्याला महापालिकेची परवानगी लागते. शंका असली तर आपल्या झोन ऑफिसला आधी विचारा. घर भावाभावांत सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. भाडेकरू असाल तर दुरुस्ती मालकानं करायची असते. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत हालचाल झाली नाही तर भाडेकरूला आवश्यक दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तेवढ्यात अख्खं छत होत नाही, म्हणून मालकाशी आधी बोलणं बरं.

काम दिवाळीनंतर काढा, किंवा गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला की लगेच, म्हणजे जानेवारी सरता सरता. एप्रिल उजाडला की वळवाची भीती असते, आणि मे महिन्यात सगळ्यांनाच घाई झालेली असल्यानं कारागीर मिळत नाहीत. सोलापूरचा पाऊस कमी म्हणून ढिलाई करू नका. इथला मोठा पाऊस सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरातही येतो. २०२० च्या ऑक्टोबरात एका रात्रीत काय झालं ते पुष्कळांनी पाहिलंय.

पैसे टप्प्यानं द्या. उचल पाव हिश्शाहून जास्त नको, दुसरा हप्ता पाईप दारात येऊन वजन झाल्यावर, तिसरा सांगाडा उभा राहून रंग लागल्यावर. शेवटचे दहा टक्के मागे ठेवायचे, आणि हे कागदावर आधीच लिहायचं. पत्रा बसला की एक माणूस वर पाठवून सगळ्या स्क्रूंवरून हात फिरवायला सांगा. रबर चेपून बाहेर आलं असेल तर स्क्रू जास्त आवळलाय, वॉशर हलत असेल तर कमी. ड्रिलचा लोखंडी कीस झाडून काढायला लावा, तो राहिला तर आठवड्यात तांबडे डाग धरतात. मग उंच बाजूनं नळीनं पाणी सोडा, एकेका जोडावर दहा-दहा मिनिटं, आणि खाली कोरड्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरा. कागदावर ओला ठिपका दिसला की त्याच्या सरळ वर नव्हे, उताराच्या वरच्या बाजूला शोधा. पाणी पाईपच्या कडेनं वाहत येऊन भलतीकडेच टपकतं. आमच्याकडे दोन ठिपके निघाले, दोन्ही फ्लॅशिंगजवळ. ते बंद झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सोडलं, कागद कोरडे राहिले, आणि मग शेवटचे पैसे दिले.